रवंथाचा हिशेब

गुरुवार होता. पुतणीचा वाढदिवस म्हणून आम्ही चौघं हॉटेलात गेलो होतो. वेटर वही काढून उभा राहिला तशी वहिनी म्हणाली, "आज माझा वार आहे. मला पनीर बटर मसाला." दादानं चिकन हंडी सांगितली. पुतणी बारावीला आहे. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी तिनं नुकतंच 'मांस कमी खा, पृथ्वी वाचवा' असं भलंमोठं पोस्टर रंगवलं होतं. तिनं आईकडे कौतुकानं पाहिलं, बाबांकडे रागानं, आणि मला विचारलं, "काका, आज आईनं पृथ्वी वाचवली की नाही?"

मी म्हटलं, "आईपेक्षा बाबांनी जास्त वाचवली."

वहिनीच्या कपाळावरची आठी पाहून पुढचं बोलणं मी जेवण होईपर्यंत लांबवलं. हा लेख म्हणजे ते लांबवलेलं बोलणं आहे.

वार पाळणं आपल्याला नवं नाही. कुणाचा सोमवार असतो, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. शिवाय संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण. अमेरिकेत २००३ साली 'मीटलेस मंडे' म्हणजे दर सोमवारी मांस वर्ज्य करण्याची मोहीम निघाली. आपल्याकडच्या कित्येक घरांत तेच पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, फक्त कारण देवाचं आहे, हवामानाचं नाही. मांस कमी खाल्ल्यानं पृथ्वीवरचा भार कमी होतो हे खरंच आहे, आणि बराच कमी होतो. पण शाकाहार आणि मांसाहार यांच्यामध्ये आपण जी रेघ ओढतो, ती निसर्गाच्या हिशेबात भलतीकडेच पडते. ती नेमकी कुठे पडते हे पाहायला ताटावरून उठून गोठ्यात जावं लागेल.

पोटातला गोबर गॅस

दुपारच्या वेळी सावलीत बसलेली गाय पाहा. पुढ्यात वैरण नाही, तरी जबडा हलतोय. मधेच गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसतो. गाय तो सावकाश चावते, गिळते, आणि थोड्या वेळानं पुढचा गोळा वर येतो. हा रवंथ. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही सगळी रवंथ करणारी जनावरं.

कडबा, गवत, पेंढा यांत मुख्यतः सेल्युलोज असतं. वनस्पतींच्या पेशींच्या भिंती ज्याच्या बनतात तो हा चिवट पदार्थ. तो फोडणारा पाचकरस आपल्या पोटात नाही, आणि गंमत म्हणजे गाईच्याही शरीरात तयार होत नाही. गाईनं हे काम दुसऱ्यांकडे सोपवलं आहे. तिच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातल्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या गाईचं कोटीपोट शंभर लिटरच्याही वर भरतं, म्हणजे जवळपास पाण्याचं एक पिंपच. त्यात असंख्य सूक्ष्मजीव मुक्कामाला असतात. इडलीचं पीठ जसं रात्रभर आंबतं, तसा गाईनं खाल्लेला चारा तिथे आंबतो. आंबताना जी आम्लं तयार होतात ती रक्तात शोषली जातात आणि गाय मुख्यतः त्यांवरच जगते.

या आंबवण्यात हायड्रोजनही सुटतो. तो साठत गेला तर आंबवण्याचं काम अडेल. म्हणून कोटीपोटात सूक्ष्मजीवांची आणखी एक टोळी असते. ती हायड्रोजन उचलते, कार्बन डायऑक्साइडशी त्याची सांगड घालते आणि मिथेन नावाचा वायू बनवते.

हा वायू आपल्या ओळखीचा आहे. गावाकडे घराच्या मागे गोबर गॅसची टाकी असते. शेण पाण्यात कालवून आत सोडायचं, हवा लागू द्यायची नाही, की याच जातकुळीचे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि स्वयंपाकघरात निळ्या ज्योतीची शेगडी पेटते. कोटीपोट म्हणजे चालतीफिरती गोबर गॅसची टाकी. फक्त या टाकीची नळी कुठल्याच शेगडीला जोडलेली नाही. तयार झालेला वायू थेट हवेत जातो. तोही लोक चेष्टेनं म्हणतात तसा मागच्या बाजूनं नव्हे, तर नव्वद टक्क्यांहून जास्त तोंडावाटे, ढेकरांतून.

आता कोंबडीकडे पाहा. तिला कोटीपोट नाही. ती दाणे टिपते, पेषणीत भरडते आणि पचवते. तिच्या पोटात मिथेन जवळजवळ होतच नाही. दादाच्या ताटातलं चिकन कोटीपोटातून आलेलं नव्हतं. वहिनीच्या वाटीतलं पनीर मात्र तिथूनच आलं होतं.

एका ढेकरेचं वजन

भारतातली गाय किंवा म्हैस, जात आणि चारा यांनुसार, वर्षाला साधारण ३० ते ५० किलो मिथेन सोडते. परदेशातली भरपूर दूध देणारी मोठी गाय शंभर किलोच्याही पुढे जाते.

हा आकडा मोठा की छोटा? वायूंचा हिशेब करताना शास्त्रज्ञ एक सोय करतात. डॉलर, दिरहम आणि येन रुपयांत मांडले की बेरीज करता येते. तसे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात मांडायचे. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन साधारण २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून ठेवतो. म्हणजे ४० किलो मिथेन सोडणारी गाय वर्षाला सुमारे ११०० किलोचा भार टाकते. पाचशे लिटरच्या आसपास पेट्रोल जाळलं की एवढाच भार पडतो. तुमची स्कूटर तेवढ्या पेट्रोलवर वीस हजार किलोमीटर सहज जाईल.

मिथेनची आणखी एक खोड समजून घ्यायला हवी. कार्बन डायऑक्साइड धरणातल्या गाळासारखा आहे. आज टाकलेला गाळ कालच्या गाळावर चढतो आणि पिढ्यान्‌पिढ्या बसून राहतो. मिथेन गळक्या बादलीतल्या पाण्यासारखा. तो हवेत साधारण बारा वर्षं टिकतो आणि मग त्याचं विघटन होतं. वरून धार चालू राहिली तर बादली भरलेली राहते, धार बारीक केली की पातळी लगेच उतरू लागते. मात्र हवेत असतो तोवर तो फार तापट असतो. वीस वर्षांचाच हिशेब केला तर त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट भरते. म्हणूनच मिथेन कमी केला तर त्याचा गुण आपल्या हयातीत दिसू शकतो. औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या तुलनेत आज हवेतलं मिथेनचं प्रमाण अडीच पटींहून जास्त आहे. त्यात खाणी आणि तेलविहिरींतून होणारी गळती आहे, कचऱ्याचे डोंगर आहेत, पाणी साठलेली भातखाचरं आहेत, आणि रवंथही आहे.

भातखाचराचं नाव मुद्दाम घेतलं. चिखलात हवा पोहोचत नाही आणि तिथेही मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. तेव्हा शाकाहारी ताट म्हणजे वायूमुक्त ताट, अशा भ्रमात कुणी राहू नये.

जनावराची अडत

मिथेन हा हिशेबाचा अर्धाच भाग झाला. दुसरा भाग चाऱ्याचा आणि दाण्याचा.

शेतकऱ्याचा माल थेट गिऱ्हाइकाकडे गेला तर पूर्ण पैसे हातात येतात. मधे अडत्या आला की त्याची अडत कापली जाते. अन्नाचंही तसंच आहे. मका आणि सोयाबीन आपण थेट खाल्लं तर त्यातली ऊर्जा आपल्याला मिळते. तेच जनावराला घालून मग जनावर खाल्लं तर मधे एक अडत्या बसतो. त्याला चालायचं असतं, अंग उबदार ठेवायचं असतं, पिसं, हाडं, शिंगं वाढवायची असतात. उरेल ते आपलं.

ही अडत प्राण्यागणिक वेगळी असते. धान्यातले शंभर उष्मांक म्हणजे कॅलरी कोंबडीला घातल्या तर मांसातून साधारण बारा परत येतात. गुराला घातल्या तर जेमतेम तीन. कोंबडीची अडत जबरी आहे, पण गुराची तिच्यापेक्षा कितीतरी जास्त. दुधाळ गाय या बाबतीत बरी. ती स्वतःचं शरीर न देता रोज थोडं थोडं परत करते, त्यामुळे दुधातून चाळीसच्या आसपास मिळतात. पण पनीर आणि चीज करताना आपण दूध फाडून त्याचा गोळा करतो आणि लिटरागणिकचा मिथेन त्या गोळ्यात एकवटतो.

हा दाणा येतो कुठून? आपल्या लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात. तेल काढून झालं की उरलेली पेंड मोठ्या प्रमाणावर कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका आणि त्याच्या खालोखाल सोयापेंड असते. २०२१ साली पेंडीचे भाव इतके भडकले की केंद्र सरकारला कोंबड्यांसाठी बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. चिकनची प्लेट सोयाबीनच्या शेताशी जोडलेली आहे ती अशी.

मक्याला युरिया लागतो. जमिनीत वापरला न गेलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो. अडत्याला जितका दाणा जास्त घालाल, तितका हा खर्चही वाढत जातो.

चाळीस दिवस आणि दोन वर्षं

ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांच्या आत विक्रीला तयार होते. मांसासाठी वाढवलेलं जनावर दीड-दोन वर्षं खातं, रवंथ करतं, ढेकर देतं, आणि मग बाजारात जातं. दोघांच्या आयांचाही हिशेब धरायला हवा. कोंबडी वर्षाला शंभराच्या वर अंडी देते, म्हणजे आईचा खर्च शंभराहून अधिक पिल्लांत वाटला जातो. गाय नऊ महिने पोटात वाढवून एकच वासरू देते. मांसासाठीच पाळलेल्या कळपात त्या गाईचा वर्षभराचा चारा आणि वर्षभराचा मिथेन एकट्या वासराच्या नावावर चढतो.

यामुळेच गोमांसाचेही दोन भाव पडतात. दुभत्या कळपातलं जनावर शेवटी मांसासाठी गेलं तर आईचा खर्च आधीच दुधानं उचललेला असतो. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया इथे मात्र निव्वळ मांसासाठीचे प्रचंड कळप आहेत, आणि जगातलं सर्वांत महागडं ताट तिथं वाढलं जातं. महागडं हे पैशाच्या नव्हे, हवेच्या हिशेबात.

कुरणासाठी तुटलेलं जंगल

ॲमेझॉनचं जंगल तुटतं ते लाकडासाठी, असा आपला समज असतो. तिथलं बहुतेक जंगल तुटलं आहे ते गुरांच्या कुरणांसाठी. शंभर वर्षांच्या झाडानं साठवलेला कार्बन एका वणव्यात हवेत जातो आणि त्या राखेवर गवत पेरलं जातं. ब्राझीलच्या सेऱ्हादो गवताळ प्रदेशातही सोयाबीनची शेती पसरत गेली, आणि त्या सोयाबीनचा मोठा वाटा डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यात जातो.

२०१८ साली जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोघांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास मांडला. ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती त्यात होती. त्यातून दिसलं ते असं: मांस, मासे, दूध, अंडी यांच्यासाठी जगातली ८३ टक्के शेतजमीन आणि कुरणं वापरली जातात. त्या बदल्यात माणसाला त्यातून मिळतात १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं. जमिनीचा एवढा मोठा भाग इतकं थोडं परत देतो. मांस कमी झालं तर जमीन मोकळी होते, आणि मोकळ्या जमिनीवर झाडं परतली तर तीच हवेतला कार्बन ओढून घेऊ लागतात. मांस कमी करण्याचा हा दुसरा फायदा. तो मिथेनपेक्षा सावकाश मिळतो, पण टिकून राहतो.

याच अभ्यासानं आणखी एक लाडका समज मोडला. 'जवळचं खा, दूरचं टाळा' हा सल्ला चांगला आहे, पण ट्रक-जहाजाचा खर्च अन्नाच्या एकूण भारात फार थोडा असतो. गोमांसाच्या बाबतीत तर तो एक टक्काही भरत नाही. अन्न किती लांबून आलं यापेक्षा ते कशापासून झालं हे जास्त महत्त्वाचं आहे.

चौकट: १०० ग्रॅम प्रथिनांचं ओझं
(याच अभ्यासातून; जगाची सरासरी, कार्बन डायऑक्साइडच्या मापात, किलो)

गोमांस, मांसासाठीचे कळप: ५०
मेंढी-बोकडाचं मटण: २०
गोमांस, दुभत्या कळपातलं: १७
चीज: ११
डुकराचं मांस: ७.६
कोंबडी: ५.७
अंडी: ४.२
टोफू: २
शेंगदाणे: १.२
डाळी आणि कडधान्यं: ०.८

पनीर या यादीत नाही, म्हणून हिशेब आपणच करू. एक किलो पनीरला म्हशीचं साधारण पाच लिटर दूध लागतं, गाईचं त्याहून जास्त. १०० ग्रॅम प्रथिनं हवीत तर साडेपाचशे ग्रॅम पनीर, म्हणजे पावणेतीन लिटर दूध. जगाच्या सरासरीनं लिटरमागे तीन किलो धरले तर झाले आठ किलोंच्या वर. कोंबडीचे पावणेसहा.

वहिनीच्या वाटीत पनीरबरोबर बटर आणि क्रीमही होतं, ते वेगळंच.

कमी म्हणजे किती?

मांस पूर्ण सोडलं तरच उपयोग, नाहीतर काही नाही, असं पुष्कळांना वाटतं. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली ब्रिटनमधल्या साडेपंचावन्न हजार लोकांच्या आहाराचा हिशेब मांडला. रोज शंभर ग्रॅमहून जास्त मांस खाणाऱ्याच्या जेवणामागे दिवसाला सुमारे १०.२ किलोचा भार पडत होता. पन्नास ग्रॅमहून कमी खाणाऱ्यामागे ५.४ किलो. दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहाऱ्यामागे ४.२. आणि दूध, अंडी, मध काहीही न घेणाऱ्या वीगन माणसामागे २.५.

या चार आकड्यांमधली अंतरं पाहा. भरपूर मांसावरून थोड्या मांसावर आलं की भार जवळपास निम्मा होतो. सर्वांत मोठी बचत या पहिल्याच पायरीवर आहे. थोड्या मांसावरून शाकाहारावर आलं की १.२ किलो वाचतात. आणि शाकाहारावरून दूध-अंडीही सोडली की १.७. म्हणजे ब्रिटनमध्ये शेवटचा मांसाचा तुकडा सोडण्यापेक्षा दूध-चीज-अंडी सोडण्यानं जास्त बचत होते. हॉटेलातलं माझं वाक्य इथून आलं होतं.

आपल्या ताटाचं काय?

भारतात २०२३-२४ साली साधारण एक कोटी टन मांस तयार झालं. त्यातलं जवळपास निम्मं कोंबडीचं. माणशी भागलं तर वर्षाला सात किलोच्या आसपास येतं, आणि त्यातूनही म्हशीच्या मांसाचा मोठा वाटा परदेशी जातो. अमेरिकेत हाच आकडा माणशी शंभर किलोंच्या वर आहे. तेव्हा 'मांस कमी खा' हा निरोप आधी अमेरिकेला आणि युरोपला. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला राहणाऱ्या मराठी माणसानं आठवड्यातले दोन बीफ बर्गर सोडून चिकन घेतलं, तरी त्याची बचत आपल्या अख्ख्या श्रावणापेक्षा मोठी ठरू शकते.

आपला प्रश्न दुधाचा आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून जास्त गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी होत्या. दुधाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. पण एका जनावरामागे दूध थोडं निघतं, म्हणून लिटरमागे मिथेन जास्त पडतो. दहा गाई मिळून जेवढं दूध देतात तेवढं चार गाईंनी दिलं, तर उरलेल्या सहा गाईंचा रवंथ वाचतो.

तरीही आपली गाय आणि टेक्ससची गाय एकाच तागडीत घालता येणार नाही. मंगळवेढ्याच्या शेतात मालदांडी ज्वारी काढली की कणसं माणसाला आणि कडबा जनावराला. कडब्याला भाव नसेल तर ज्वारीचं गणितच बसत नाही. हा कडबा माणूस खाऊ शकत नाही, गाय त्याचं दूध करते. जगभरातल्या जनावरांच्या एकूण खाद्यापैकी ८६ टक्के भाग माणसाच्या खाण्याजोगा नसतो असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी मांडलं आहे. शिवाय आपल्याकडे गाय शेण देते, बैल औत ओढतो. शेणाच्या गोवऱ्या उन्हात वाळतात तेव्हा त्यांतून मिथेन फारसा निघत नाही. परदेशातल्या मोठ्या गोठ्यांत शेण पाण्याबरोबर तळ्यात साठवतात, तिथे तो भरपूर निघतो.

शेळीचंही तसंच. धाराशिवकडची उस्मानाबादी शेळी बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा आणि काटेरी झुडपं खाऊन वाढते. भूमिहीन बाईच्या घरात ती बँकेचं काम करते. शाळेची फी भरायची वेळ आली की एक बोकड विकला जातो. शेळी ढेकर देते आणि अति चराईनं डोंगर उघडे पडतात, दोन्ही खरं. पण ती माणसाच्या पानातलं धान्य ओढत नाही, हेही खरं. आणि ज्या घरात पोर हाडकुळं आहे तिथे जाऊन 'अंडं खाऊ नको, पृथ्वी वाचव' असं सांगणं हा शुद्ध निर्दयपणा आहे. अंडं तर यादीत कोंबडीच्याही खाली आहे.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न माशांचा. मासा रवंथ करत नाही. समुद्रातून पकडलेल्या मासळीचा मुख्य खर्च डिझेलचा. बांगडा, तारली हे थव्यानं पृष्ठभागाजवळ फिरतात, त्यामुळे थोड्या डिझेलमध्ये जाळं भरतं. तळ खरवडत कोळंबीसाठी ओढलेली जाळी डिझेल जास्त खाते आणि बारीक मासळीही उचलते. म्हणजे स्वस्त मासळी हवेलाही स्वस्त पडते. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी पाळली तर पुढच्या वर्षी तीच मासळी पुन्हा मिळते.

गोठ्यात काय करता येईल?

कोटीपोटातली मिथेन बनवणारी टोळीच थोडी आवरता आली तर? त्यावर जगभर काम चालू आहे. एक प्रकारचं लाल समुद्री शेवाळ अगदी थोडं चाऱ्यात मिसळलं तर मिथेन खूप घटतो, काही प्रयोगांत ऐंशी टक्क्यांपर्यंत घटला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या बंगळुरूमधल्या पशुपोषण संस्थेनं 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलं आहे. त्यानं मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असं संस्थेचं म्हणणं आहे. याचा फायदा शेतकऱ्यालाही होऊ शकतो, कारण ढेकरेतून जाणारा मिथेन म्हणजे चाऱ्यातली वाया गेलेली ऊर्जाच. डेन्मार्कनं दुसरी वाट धरली. पशुपालनातल्या वायूंवर २०३० पासून कर लावायचा असं त्या देशानं २०२४ साली ठरवलं.

यातलं काहीही झालं तरी यादीच्या तळाशी असलेल्या डाळींना गाठणं जनावरांना जमणार नाही. त्याचं कारण तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या मुळाशी आहे. झाड हलकेच उपटून पाहिलं तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. म्हणजे डाळवर्गीय पीक आपलं खत बरंचसं आपणच तयार करतं, युरिया थोडका लागतो. मधे अडत्या नाही, कोटीपोट नाही. आणि भाकरीबरोबर पिठलं खाल्लं की ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असतं ते हरभरा भरून काढतो.

घरी परतताना हे सगळं पुतणीला सांगितलं. तिनं पोस्टर बदलायचं ठरवलं, पण नवं वाक्य काही तिला सुचेना. "खूपच लांब होतंय, काका," ती म्हणाली. वहिनी मागच्या सीटवरून म्हणाली, "लांब कशाला? पुढच्या गुरुवारी पिठलं करते."

वाचकांनाही माझं एवढंच सांगणं. वार पाळत असाल तर जरूर पाळा, पाळत नसाल तर आठवड्यातून दोन दिवस पाळून पाहा. मटण सणावारापुरतं ठेवा, चिकनचे दिवस मोजून ठेवा. आणि वाराच्या दिवशी पनीरकडे वळणारा हात पिठल्याकडे, उसळीकडे, आमटीकडे वळवा.